धुमाळांच्या इंडिकाचे दिवे

लोक विचारतात, धुमाळसाहेबांच्या डोळ्यांना झालं तरी काय? मी सांगते, हलगर्जीपणा झाला. त्यांचा थोडा, माझा जास्त. नशिबाला बोल लावून मोकळं होता येतं, पण मला तेवढी सवलत नको.

माझे मिस्टर शशिकांत धुमाळ, मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगावचे. हवाई दलात वीस वर्षं गाड्या चालवल्या. शेवटची पोस्टिंग लखनौची. सुटल्यावर गावी जाऊन भाऊबंदकीत कोण पडणार, म्हणून तिथंच, लखनौजवळ चिनहटला दोन खोल्या बांधल्या, एक इंडिका घेतली आणि अमौसीच्या विमानतळावर टॅक्सी म्हणून लावली. माणूस कडक. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. गाडीत कुणी मूंगफलीची टरफलं टाकली, तर भर रस्त्यात गाडी थांबवून त्यालाच उचलायला लावायचे, मग तो कितीही मोठा साहेब असो. आणि तोऱ्यात सांगायचे, "तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही." ते खरं होतं. आजही खरंच आहे.

नोकरीत दरवर्षी डोळे तपासले जायचे. डॉक्टरनं सही केल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावू देत नसत. नोकरी सुटली आणि ते तपासणंही सुटलं. घरी मी होते ना, पण मला कुठलं सुचायला!

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा कुरकुर केली, "लता, दिवे मंद झालेत." म्हणजे गाडीचे. ड्रायव्हर माणूस, त्याला खोट दिसणार ती गाडीतच. बल्ब बदलले. काचा टूथपेस्टनं घासल्या. वायरिंग नवं घातलं. मग बॅटरीवर संशय घेतला, मग कोहऱ्यावर, म्हणजे इथल्या धुक्यावर, मग रस्त्यावरच्या खांबांवर. आणि इकडे घरात काय चाललं होतं? दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. डाव्या हाताशी ठेवलेला चहा कोपर लागून सांडायचा. आणि मी काय म्हणायची? "डोळे फुटलेत का तुमचे?" दिवसातून दोनदा म्हणायची. जीभ झडली नाही माझी.

हळूहळू ते अंधार पडायच्या आत घरी यायला लागले. संध्याकाळचं भाडं आलं की दुसऱ्याला द्यायचे. स्टँडवरची पोरं चिडवायची, "फौजी अंकल डर गए!" हे घरी येऊन गुमान बसायचे, जेवताना एक शब्द नाही. त्यांचं ओरडणं मी वीस वर्षं ऐकलं होतं, त्याचं मला काही वाटायचं नाही. पण ही चुप्पी मला बघवेना.

तेव्हा शहरात ते पांढरे झेनॉन दिवे निघाले होते. ज्याला त्याला तेच. मी म्हटलं, चला, लग्नाचा वाढदिवस आहे, माझ्यातर्फे. मी जेवणाचे डबे करून द्यायची, त्याचे पैसे साठले होते. ते नको नको म्हणत असताना मी त्यांना निशातगंजला विनयच्या दुकानी नेलं. विनय म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा, ह्यांच्या ओळखीचा.

त्यानं जुने बल्ब काढले. नवे फडक्यात धरूनच बसवले, काचेला बोट लागलं तर बल्ब जळतो म्हणाला. दोन चपट्या डब्या आत पत्र्याला चिकटवल्या, तारा जोडल्या, आणि भरदुपारी शटर खाली ओढून बटण दाबलं. आधी निळसर फडफड झाली, मग समोरची भिंत पांढरीफेक. भिंतीवरचे खिळे मोजून घ्या!

"आता दिसतंय, लता!" हे ओरडले. एवढ्या मोठ्यानं हसलेले मी त्यांना आमच्या मुक्ताच्या जन्मानंतर पाहिले नव्हते. "विनय, थोडा और ऊपर कर दो."

"अंकल, सामनेवाले को चुभेगा."

"अरे, कर ना यार!"

मीच मध्ये पडले. म्हटलं, "भैया, कर दो, इतना क्या!" त्यानं स्क्रू फिरवला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, ते हेच. आणि बंब घेऊन पुढे कोण धावत होतं? मी.

पुढे दीड वर्ष छान गेलं. छान म्हणजे, कपाळ माझं! संध्याकाळची भाडी पुन्हा सुरू झाली. पण दर तीन-चार महिन्यांनी हे निशातगंजला जायचे आणि दिवे आणखी वर करून आणायचे. मग आणखी जास्त वॅटचे घातले. समोरचे लोक हॉर्न मारायचे, काच खाली करून आईबहीण काढायचे. हे म्हणायचे, "जळतात साले." कोहऱ्यात तर त्या उजेडाची समोर नुसती पांढरी चादर व्हायची. तेव्हा म्हणाले, कंपनी भिकार आहे, दुसरी घेऊ. मी म्हटलं, घेऊ.

दोन हजार अकराच्या नोव्हेंबरात दिवेलागणीला आम्ही तिघं घरी येत होतो. मुक्ता तेव्हा बी.एस्सी.ला होती, ती पुढे बसलेली. चिनहटच्या वळणावर डावीकडून एक सायकलवाला आला, मागं दुधाचे कॅन. त्या दिव्यांत दिवसासारखा लख्ख दिसत होता. मी मागून बघतेय, हे आता ब्रेक मारतील, आता मारतील.

"पापा! साइकिल!"

गाडी कचकन थांबली. सायकल बंपरपासून हातभर लांब. दूधवाल्यानं शिव्या घातल्या आणि गेला. हे स्टिअरिंग धरून बसून राहिले. "कुठली सायकल?" त्यांनी विचारलं.

मुक्तानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं. घरात मराठी कितीही बोला, पोरगी उत्तर हिंदीतच देणार. हळूच म्हणाली, "मम्मी, लाइट में कोई खराबी नहीं है. पापा को दिखा ही नहीं."

दुसऱ्या दिवशी तिनंच त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका मशीनपुढं बसवून हनुवटी टेकवायला लावली. समोरच्या ठिपक्याकडं बघायचं आणि बाजूला कुठं दिवा चमकला की बटण दाबायचं. मी मागं उभी होते. दिवे चमकत असणार, पण ह्यांचा अंगठा हलेना. मग कागद निघाला. सगळा काळा, मध्ये रुपयाएवढं पांढरं भोक.

हे म्हणाले, "मॅडम, मशीन चेक करवा लीजिए. बल्ब कमजोर होगा."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. काचबिंदू आहे, म्हणाल्या. दुखत नाही, कळत नाही, कडेची नजर आधी खातो. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते औषधानं टिकवू. तक्रार कधीपासूनची, असं विचारलं. मी सांगितलं, दोन वर्षं. त्या एवढंच म्हणाल्या, "तब आ जाते तो बहुत कुछ बच जाता."

ह्यांनी विचारलं, "और गाड़ी?" त्यांनी मान हलवली. दिवसासुद्धा नाही.

त्या दोन वर्षांत मी गाडीच्या डोळ्यांचे लाड करत होते. घरी आल्यावर वाट पाहिली, हे आता मला बोलतील. तुझ्यामुळं झालं म्हणतील, ताट भिरकावतील. काही नाही. रोज ड्रॉप घालताना मान वर करून बसायचे, आणि मी थेंब मोजायची.

गाडी विकायला काढली तेव्हा गोमतीनगरचा एक तरुण बघायला आला. हे बोनेटवर हात फिरवत, चाचपत गाडीभोवती चालले. त्यानं टायर पाहिले, इंजिन ऐकलं, मग दिवे लावले आणि शीळच घातली. "अंकल, लाइट तो गज़ब की है! किससे लगवाई?"

हे ताठ उभे राहिले. तोंड माझ्याकडं करायला गेले ते उजवीकडं, पण मी उभी होते डावीकडं.

"हमारी मिसेस ने दी हैं," ते कौतुकानं म्हणाले. "शादी की सालगिरह पर."

टोमणा असता तर मी झेलला असता.