भज्यांचं मीठ कोण चाखणार?

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी कांदाभज्यांनी माझा जीव नुसता टांगणीला लावला होता...

आमच्या नारपोलीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर रुबिना भाभी राहतात. पंधरा वर्षांचा शेजार. त्या दिवशी त्यांच्या सानियाचं होणारं सासर पनवेलहून पहिल्यांदाच इफ्तारला यायचं होतं. दोन वर्षांपूर्वी सानियाचं ठरलेलं एक लग्न मोडलंय, त्यामुळे भाभी आठवडाभर आधीपासूनच धास्तावलेल्या.

त्यात बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये. "बिर्याणी सानिया बघेल, पण भजी तूच कर वर्षा. मुलाच्या अम्मीला भजी फार पसंत आहेत म्हणे," असं भाभी म्हणाल्या आणि मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणून बसले.

हो म्हणण्याआधी कॅलेंडर बघायला काय झालं होतं मला... त्या दिवशी संकष्टी. म्हणजे वर सगळ्यांचे रोजे आणि खाली सासूबाईंचा नि माझा उपवास.

सानियाने किलोभर कांदा चिरून पातेल्यातून खाली पाठवला होता. मी त्यात बेसन, मिरच्या, ओवा, कोथिंबीर आणि माझ्या अंदाजाने मीठ घातलं. कालवायला हात घातला आणि थबकलेच. कांदा पार मऊ पडलेला, तळाला पाणी सुटलेलं.

आता भज्यांच्या कांद्याला आधी मीठ चोळून ठेवायची पद्धत असतेच. सानियानेही चोळलं असेल तर? फोन केला. ती बिचारी आधीच गडबडलेली. "आंटी, लावलं वाटतं... नाही, खरंच आठवत नाही हो."

इफ्तारला पंचवीस मिनिटं होती. मी पहिला घाणा तळून काढला. रंग सुरेख, वास सुरेख, पण रंगावरून मीठ थोडंच कळतं? आणि चाखणार कोण? नवरा दापोड्याच्या गोडाउनला ड्युटीवर, समोरच्या घराला कुलूप. एरवी खाली कापडाच्या लूमवर कोणी ना कोणी कामगार असतंच, पण शुक्रवारी लूम बंद. भज्यांनी ताट भरलेलं आणि खायला एक तोंड मिळू नये, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

सासूबाईंना विचारलं. त्या कोन गावच्या, बोलायला एक घाव दोन तुकडे. "निवेदाचा कंदी चाखून बघतो का आपून? हाताला अंदाज पायजे," असं म्हणाल्या खऱ्या, पण पिठाचा वास घेऊन बघितला, बोटांनी चोळून बघितलं आणि पातेलं परत माझ्याकडे सरकवलं. त्यांनाही अंदाज येईना म्हटल्यावर मी जास्तच घाबरले. मला डोळ्यांसमोर दिसत होतं, की मुलाची आई पहिलं भजं तोंडात घालतेय, तोंड वाकडं करतेय आणि भाभी खाली मान घालून बसल्यात.

शेवटी मीच एक भजं उचललं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"तू न्हाय. तुझा नवस हाय."

माझ्या नवऱ्याचं मागे ऑपरेशन झालं तेव्हा मी एकवीस संकष्ट्या बोलले होते. ही एकोणिसावी. पण सासूबाई तर लग्न झाल्यापासून संकष्टी करतात, तापातसुद्धा त्यांनी कधी मोडलेली मला माहीत नाही.

त्यांनी माझ्या हातातलं भजं घेतलं, देव्हाऱ्याकडे एकदा बघितलं आणि तोंडात टाकलं. ऐन संकष्टीला, चंद्र उगवायच्या आत, तेही कांद्याचं.

"खारट हाय गो. तोंडान घालवत न्हाय. दोन बटाटं किस, बेसन नि तांदलाचा पीठ घाल. मिठाच्या डब्याला हात लावू नको."

किसताना माझा अंगठा सोलला गेला. सासूबाई शेजारी उभ्या राहून प्रत्येक घाण्यातलं एक भजं खाऊन बघत होत्या. "आता मोडलाच हाय, तं नीट बघून मोडते," म्हणाल्या. तशातही मला हसू आलं.

मी ताट घेऊन जिना चढत होते आणि अजान सुरू झाली...

खाली येऊन बसले, पण कान वरच. कोणी मोठ्याने बोललं की मी दारापर्यंत जाऊन यायचे. बऱ्याच वेळाने सानिया रिकामं ताट घेऊन आली. डोळे भरलेले, पण हसत होती. "आंटी, ईदनंतरची तारीख ठरली," एवढंच म्हणाली आणि मला मिठी मारली. मग मात्र मी रडले.

चंद्रोदयाला सासूबाईंनी नेहमीसारखी आरती केली, मला मोदक दिला. मी विचारलं, "भाभींना सांगू का, तुम्ही काय केलंत ते?"

"न्हाय सांगायचा. पोरीच्या घरान आनंद हाय. तिला कळला तं तिच्या घशाखाली घास उतरंल काय?"

"आणि गणपतीला?"

"त्याला आधी इचारूनच तोंडान घातला."

सासूबाई फेसबुकवर नाहीत, भाभी आहेत. भाभी, हे वाचलंत तर त्यांच्याकडे विषय काढू नका, त्या मला फाडून खातील. पण एका बाईने काय मोडून तुमचा रोजा गोड केला, हे तुम्हाला माहीत असावं, असं मला फार वाटलं...