टेकडीवर आलेला कडू घास

देव आहे की नाही या वादात मी पडत नाही. पण बाबा गेले त्या आठवड्यात मी त्याच्यावर इतकी रुसले होते की खोलीतल्या मार्कंड्याच्या महादेवाच्या फोटोचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. तो फोटो बाबांनीच माझ्या बॅगेत स्वेटरच्या घडीत खुपसला होता. मी तेव्हा जॉर्जियात डॉक्टरकी शिकत होते. आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यातलं, घरी धानाची शेती, आणि माझ्याआधी घरातलं कोणी नागपूरच्या पलीकडे गेलेलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही वर्गातली मुलं तिथली जुनी चर्चं, किल्ले पाहत हिंडायचो. त्याची हौस माझ्यापेक्षा बाबांनाच जास्त. रोज फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "जेवली का बाई?" आणि दुसरा, आज काय पाहिलं. एकदा मत्स्खेता नावाच्या गावाजवळच्या टेकडीवरून मी त्यांना फोटो पाठवला. माथ्यावर हजार वर्षांहून जुनं दगडी चर्च आणि खाली दोन नद्यांचा संगम, एकीचं पाणी निळसर, दुसरीचं गढूळ. बाबा म्हणाले, हे तर आपलं चपराळंच आहे. चपराळ्याला वर्धा आणि वैनगंगा मिळतात आणि तिथून पुढे प्राणहिता वाहते. तो फोटो त्यांनी गावभर दाखवला. त्या चर्चमध्ये पिंड आहे का, असंही विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाले, मग आपल्या मनातली समजून हात जोडायचे, दगड काही नाही म्हणत नाही. मी पोट धरून हसले होते.

त्यांचा शेवटचा फोन आला तेव्हा मी त्याच गावातल्या मोठ्या चर्चमध्ये वर्गाबरोबर उभी होते. माहिती सांगणारी बाई हळू आवाजात बोलत होती, सगळे गप्प होते. बाबा फोनवर शेतातून हाक मारल्यासारखे बोलायचे, आणि मलाही तसंच, आमच्या झाडी बोलीत, मोठ्यानं उत्तर द्यावं लागायचं. शेजारी दिल्लीच्या मुली होत्या. मला लाज वाटली. खरं कारण एवढंच, दुसरं काही नाही. मी फोन कापला, संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी दादाचा फोन आला. बाबा शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसल्या बसल्या गेले होते.

माझा पासपोर्ट तिथल्या मुक्कामाच्या परवान्यासाठी जमा होता, त्यामुळे लगेच निघणं शक्यच नव्हतं. दादानं समजावलं, तू पोचेपर्यंत अंत्यविधी थांबवता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मी बाबांना शेवटचं पाहिलं, आणि रेंज गेली.

आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. दुसऱ्या घरची भाजीभाकर येते, कोणीतरी पहिला घास तोंडात भरवतं, त्याला कडू घास म्हणतात. तो मागायचा नसतो. तो आपण होऊन यावा लागतो, आणि दुसऱ्या चुलीवरचा असावा लागतो. माझ्या खोलीत राहणाऱ्या साताऱ्याच्या मैत्रिणीनं खिचडी करून आणली, पण तिची माझी शेगडी एकच, म्हणजे चूल एकच. मी ताट सरकवलं. बिचारी रडवेली झाली. डॉक्टर व्हायला निघालेली मुलगी असल्या गोष्टी धरून बसते, असं कोणीही म्हणेल. पण मला बाबांसाठी दुसरं काहीच करता आलं नव्हतं, निदान एवढं तरी नीट व्हावं असं वाटत होतं.

तिकडे आईनंही हट्ट धरला होता. दादाशी मी खोटं बोलले, जेवले म्हणाले. आईनं मागून विचारलं, कोणी आणून दिलं? मला नाव सुचेना. तेवढ्यावरून तिनं ओळखलं. दादा रात्रीपासून एकच सांगत होता, "आई चहाशिवाय काई घेऊन नाई राह्यली. तिची शुगर हाय, तुले मालूम हाय ना. पोरगी उपाशी असताना मले घास उतरत नाई, म्हणते." दुसऱ्या वसतिगृहात आपल्याकडची चार मुलं होती. त्यांना एक निरोप पुरला असता. पण मागून आणलेला घास तो कडू घास कसला, आणि कोणापुढे हात पसरायचा माझा स्वभावही नाही.

तिसऱ्या दिवशी दादा राख घेऊन चपराळ्याला निघाला. मी मत्स्खेत्याची बस धरली. बाबांना आवडलेला संगम समोर असावा, एवढाच विचार होता. टेकडी चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. चर्चच्या बाहेरच्या कठड्याला टेकून बसले. खाली दोन्ही नद्यांचं पाणी एकमेकांत मिसळत होतं. माझ्या तोंडून एकदम निघालं, आता माझ्यानं होत नाही, तूच बघ. कोणाला म्हटलं, देवाला की बाबांना, मला खरंच सांगता येणार नाही.

थोड्या वेळानं चर्चमधून काळ्या कपड्यांतली एक म्हातारी आली. हातात फडक्यात बांधलेला डबा. तिनं आजूबाजूला पाहिलं. फोटो काढणारी पुष्कळ माणसं होती, पण ती सरळ माझ्याकडे आली, शेजारी बसली आणि डबा उघडला. आत उकडलेले गहू, मध आणि मनुका. थेट आपल्या घुगऱ्या. चमचा भरून माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाली, "चामे." चामे म्हणजे खा. वॉर्डात रोग्यांना म्हणून म्हणून तो शब्द माझ्या तोंडात बसला होता. आज मला कोणीतरी तो म्हणत होतं.

मी तोंड उघडलं. मला कसली लाज वाटली नाही. दुसऱ्या घासाला मी रडायला लागले आणि तिनं माझं डोकं खांद्यावर घेतलं. मोडक्यातोडक्या भाषेत मी तिला वडील गेल्याचं सांगितलं. तिनं मान हलवली. तिचा नवरा जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं असे गहू शिजवून वाटतात. घरच्यांना, शेजाऱ्यांना वाटून झाले, शेवटचे चार घास उरले होते. ते कोणाला द्यावे हे तिला कळत नव्हतं, असं ती म्हणाली. मग मी तिथे बसलेली दिसले. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

मी तिथूनच दादाला फोन लावला. तो संगमावर पाण्यात उभा होता. मी म्हटलं, आईला सांग, मी कडू घास खाल्ला, दुसऱ्या घरचा, न मागता आलेला. कोणाच्या हातचा, त्यानं विचारलं. म्हटलं, माहीत नाही. फोनमधून नदीचा आवाज येत होता. "सांगतो आईले," तो म्हणाला. तासाभरानं घरून आईचा फोन आला. वरणभात खाल्ल्याचं तिनं सांगितलं आणि मग हंबरडा फोडला.

लोक विचारतात, हा चमत्कार होता का. मी काय सांगू? एक विधवा बाई आपल्या नवऱ्याच्या नावाचे घास घेऊन आली, एवढंच मी पाहिलं. पण तोवर मला वाटायचं, सगळं आपल्या हातानं ओढून आणायचं असतं. त्या दिवशी कळलं, काही गोष्टी नुसत्या घ्यायच्या असतात, त्यासाठी हात रिकामे ठेवावे लागतात. फोन कापल्याचं दुःख मात्र गेलेलं नाही. ते माझ्याबरोबरच राहणार.

पुढच्या सुट्टीत गावी आले तेव्हा आईला घेऊन मार्कंड्याला गेले. गर्दी नव्हती. पिंडीपुढे बसून मी काही मागितलं नाही. त्या दुपारी फोनवर जे बोलायचं राहिलं होतं, तेवढंच आमच्या बोलीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "हो बाबा, जेवली."