इटलीच्या स्पोर्ट्स कार आणि माझी कोरी चौकट

"आई, वाडीला जाऊन ये की," लेक म्हणाला. "मोटारी बघायला इटलीला कोण जातं?"

मी जाते. नृसिंहवाडीचे दत्तगुरू कुठे जात नाहीत. माझे गुडघे मात्र जायला लागलेत.

शिरोलीच्या एका ओतकामाच्या फाउंड्रीत मी एकतीस वर्षं यंत्रभागांची ड्रॉइंग काढली. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एकमेकींना लागून दोन चौकटी असतात: काढणारा आणि मंजूर करणारा. साहेब माझी चौकट कोरी ठेवायला लावायचे. "बाईचं नाव बघून गिऱ्हाईक बिचकतं," म्हणे. कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलं होतं, वहीवर आधी नाव, मग अभ्यास. तिथे नाव विसरलं तर छडी, इथे लिहिलं तर नोकरी जायची. साहेबांच्या केबिनमध्ये एका इटालियन कंपनीच्या गाड्यांची चित्रं होती. ते लोक ही चौकट कशी भरतात, एवढंच मला बघायचं होतं.

मुंबईला जाताना रस्त्याच्या रुंदीकरणाची धूळ खावी लागते; चार तास हातचे ठेवा. मिलानला उतरून रेल्वेने बोलोन्या, पुढे कंपनीच्या संग्रहालयापर्यंत टॅक्सी, कारण बस कधी येईल ते बसलाच ठाऊक. कॉफी उभ्यानेच प्या, बसलात की महाग. आणि भडंग न्याच. तिथे पावात काय दडलंय ते विचारत बसण्यापेक्षा बरं.

संग्रहालयात मॉडेलं क्रमाने उभी आहेत. सुरुवात चक्क ट्रॅक्टरपासून, आपल्या उसाच्या फडात शोभेल असा! मग लांब नाकाची पहिली मोटार. पुढच्या एका मॉडेलात इंजिन चालवणाऱ्याच्या पाठीमागे गेलं. मग पाचरीसारखी, दारं वर उघडणारी. मधेच लष्करी थाटाची दांडगट जीप. शेवटी अर्धी विजेवरची. प्रत्येकीपुढे पाटी: कधी सुरू, कधी बंद, किती निघाल्या, रूप कुणाचं.

"हे इंजिन कुणाचं?" मी मार्टाला विचारलं. ही तिथली गाइड, इंग्रजी उत्तम. तिने मुख्य इंजिनिअरचं नाव सांगितलं.

"ते साहेब झाले. रेघा कुणी ओढल्या?"

"हे मला आजवर कुणी विचारलं नाही."

"मग आता मी विचारतेय."

तिने मला जिन्यापाशी नेलं. तिथे एक जुनं ड्रॉइंग काचेत लावलेलं. चष्मा पुसून वाकले. मंजुरीला ऐटबाज सही. काढणाऱ्याच्या चौकटीत फक्त दोन आद्याक्षरं.

"कोण हा?"

"माहीत नाही," मार्टा ओशाळून म्हणाली.

पण चौकट भरलेली होती! त्या अनोळखी माणसाचा मला हेवा वाटला, आणि साहेबांचा राग नव्याने आला. गाड्यांकडे मी परत वळून बघितलंच नाही.

परतल्यावर तिसऱ्या दिवशी शिरोली गाठली. साहेब आता 'थोरले साहेब' होऊन घरीच असतात. लाकडी साचे करणारे दत्तूमिस्त्री भेटले.

"या बाई! तुमचा पंप अजून ओततोय की आमी."

"त्याचं ड्रॉइंग दाखवा."

त्यांनी ते पसरलं. माझ्याच रेघा, माझीच कोरी चौकट. मी पेन काढलं.

"अवो बाई, थोरल्या सायबास्नी काय सांगू?"

"सांगा, गिऱ्हाईक बिचकलं तर माझ्याकडे पाठवा."

दोन अक्षरं नाहीत, वहीवर लिहायचे तसं सगळं लिहिलं: विमल शंकर साळोखे. मिस्त्री चष्म्यावरून बघत राहिले.

"आडनाव मंजुरीच्या चौकटीत गेलं की वो."

"गेलं ते बरोबर गेलं," मी म्हटलं, आणि पेनला टोपण लावलं.