वाणाचे पैसे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे लिहिण्याची वेळ आली ती वाणसामानाच्या यादीपुरतीच. कधी कोणी हे वाचलंच, तर ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मनाने सुधारून घ्यावेत. नावं मी कोणाचीच लिहिणार नाही. त्यातली बरीच माणसं अजून दारव्ह्यातच आहेत आणि बाजारात जाताना मला त्यांच्याच दारावरून जावं लागतं.

आमचं महिला मंडळ एक बालवाडी चालवत असे. कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातल्या हमालांची आणि गावाबाहेरच्या तांड्यावरची मुलं यायची. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून आणि निम्मा जिनाच्या शेठजींच्या देणगीतून चाले. मंडळाची धर्मादाय कचेरीत नुकतीच नोंद झाली होती. त्यामुळे शेठजींना देणगीवर करात सूट मिळायची, असं अध्यक्षबाई सांगत. अध्यक्षबाई वकिलांच्या पत्नी. मी खजिनदार होते, कारण बैठकीत बाकीच्या "मले नको" म्हणाल्या आणि माझ्या तोंडून ते वेळेवर निघालं नाही.

बालवाडीची बाई आमच्या शेजारच्या पडवीत भाड्याने राहायची. नवऱ्याने दुसरी आणून बसवली म्हणून ती बोरी अरबला भावाकडे गेली होती, आणि तिथल्या भावजयीच्या हाताखालून सुटून एक ट्रंक घेऊन इथे आली. बालवाडीचा पगार एवढाच तिचा आधार.

निवडणुकीच्या वर्षी अध्यक्षबाईंचे दीर उभे राहिले. संक्रांतीच्या आधीच्या बैठकीत बाईंनी पिशवीतून कुंकवाचा एक पत्र्याचा करंडा काढला. झाकणावर दिरांचं निवडणुकीचं चिन्ह रंगवलेलं.

"यंदा वाण हेच," त्या म्हणाल्या. "दुकानदाराला सांगून ठेवलंय मी."

मी हळूच विचारलं, "ताई, पैसे?"

"मंडळाचेच की. दर वर्षी कोण देतं?"

ते खरंच होतं. दर वर्षी वाण मंडळाच्या पेटीतूनच यायचं. साबणाची वडी, फणी, आरसा, जे स्वस्त मिळेल ते. हळदीकुंकू म्हणजे देवाधर्माचं काम, त्यात वाण आलंच, असंच आम्ही सगळ्या धरून चालत होतो. फक्त त्या वर्षी बायका फार बोलावल्या. नेहमीच्या गल्ल्या सोडून पार तांड्यापर्यंत आमंत्रणं गेली. तिळगूळ वाटत असताना दीर स्वतः आले आणि दारातूनच हात जोडून गेले. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "नवरदेवावानी काहून उभा राह्यला वो हा?" सगळ्या हसल्या. हा निवडणुकीचा प्रचार आहे हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

दीर निवडून आले. होळीनंतर, पडलेल्या बाजूने केलेल्या तक्रारीवरून, धर्मादाय कचेरीचे निरीक्षक बालवाडीत आले. खुर्ची नव्हती, मुलांच्या सतरंजीवरच बसले. त्यांनी करंडा हातात घेऊन झाकण माझ्यासमोर धरलं.

"हे कोणत्या पैशातून घेतलं?"

"वाण आहे ते साहेब," मी म्हटलं.

"वाण आहे ते दिसतंय मला. पैसा कोणाचा?"

"मंडळाचा."

ते रागावले नाहीत. थकलेलेच दिसत होते, बहुतेक सगळीकडे हेच सांगत फिरत असावेत. म्हणाले, "बाई, मंडळाला जी सूट आहे ती या मुलांसाठी. त्या पैशाने एका उमेदवाराची मतं मागता येत नाहीत. तुम्ही कोणालाही मत द्या, घरोघर फिरा, तो तुमचा हक्क. पण पेटीतला पैसा त्यात घालायचा नाही. तो परत आमच्या यवतमाळच्या कचेरीत भरेपर्यंत अनुदान बंद. आणि भरपाई तुमच्या पदरची हवी, देणगीतली नको."

संध्याकाळी आम्ही दोघी-तिघी अध्यक्षबाईंकडे गेलो. आमचा भाबडा समज असा, की ज्यांचं चिन्ह ते पैसे देतील. बाईंनी दार लोटून घेतलं.

"त्यांना देताच येणार नाहीत," त्या म्हणाल्या. "निवडणुकीच्या खर्चाच्या हिशोबात करंडे दाखवलेच नाहीत त्यांनी. आता भरले तर तो खर्च त्यांचाच होता असं होईल. विरोधक कोर्टात जातील. निवडून आलेले परत घरी बसतील."

"मग?"

"मग काय! करंडे परत गोळा करा. दुकानदार घेईल माघारी."

आज लिहिताना वाटतं, आम्ही कशा गेलो! पण गेलो. पहिल्याच आळीत एक हमालाची बायको दारात आली. बेत ऐकून तिने कमरेवर हात ठेवले.

"सवाशीणीच्या हातचं कुकू वापस मांगून राह्यल्या काय तुमी? मत बी घेतलं न आता करंडा बी पायजे? पोट भरलं नाही काय वो?"

आतून तिची सासू ओरडली, "देऊन टाक न वं, अन् सांग त्याहिले, पुढच्या साली आमच्या दारी येऊ नोका म्हना!"

तिने करंडा आणून माझ्या हातात कोंबला. कुंकू अर्धं संपलेलं होतं. मी तो तिच्या उंबऱ्यावर ठेवला आणि आम्ही मागे फिरलो. दुसऱ्या दारी जायचं धैर्य कोणातच उरलं नव्हतं. त्या आठवड्यात अध्यक्षबाईंनी तब्येतीचं कारण सांगून पद सोडलं.

आमच्या ह्यांनी तहसिलीतून आल्यावर पागोटं खुंटीला लावता लावता एवढंच म्हटलं, "सरकारी नोकरी आहे माझी. तुमच्या मंडळाचं लचांड घरात आणू नका." मी मान हलवली. पण लचांड शेजारच्या पडवीतच राहत होतं.

बालवाडीच्या बाईचा पगार अनुदानातून व्हायचा, तो थांबला. ती तरी रोज बालवाडी उघडायची. मग एके दिवशी बोरी अरबहून तिचा भाऊ छकडा घेऊन आला.

"चाल," तो म्हणाला. "फुकटात पोरं सांभाळाची तं माह्या घरची सांभाळ."

ती ट्रंकेवर बसून राहिली. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "वहिनी, तुमी सांगा. थांबू का जाऊ?"

मला कोणी असं कधी विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "थांबा. जेवण आमच्याकडे." भाऊ पुटपुटत रिकामा छकडा घेऊन गेला. घरात तांदूळ किती आहेत हे मला नंतर आठवलं.

त्या उन्हाळ्यात पेटीतले पैसे फेडायला आम्ही मंडळातल्या तिघी आणि बाई, अशा चौघीजणी लोकांचे पापड आणि कुरडया करायला लागलो. कचेरीतल्या माणसांच्या बायका मजुरीने पापड लाटतात, याची गावात चर्चा झाली. शेठजींच्या घरूनही मोठं काम आलं. मूग त्यांचे, हात आमचे. उन्हाळा सरल्यावर कापूस पिंजून वाती वळल्या आणि देवळाजवळच्या दुकानात दिल्या. वातींना फार थोडे पैसे मिळत. मांडी घासून लाल व्हायची. चौघींतल्या एकीला सासूने बंदी केली, दुसरी बाळंतपणाला माहेरी गेली. उरलो दोघी. बाई बालवाडी सुटली की येऊन बसायची आणि बोलत नसे, नुसती वळत राहायची. मीही बोलत नसे. खूप थकले होते. पुष्कळदा वाटायचं, सोडून द्यावं, जाऊ दे तिला भावाकडे. मग ती शेजारी बसलेली दिसायची.

दिवाळीच्या सुमाराला ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "किती राहिलेत?" मी सांगितलं. पगाराच्या दिवशी ती रक्कम त्यांनी पाटावर ठेवली आणि म्हणाले, "यवतमाळला काम आहे माझं. धर्मादाय कचेरीत मीच सगळे भरून येतो."

दुसऱ्या दिवशी ते पावती घेऊन आले. बाई पडवीतून धावत आली.

"पगार सुरू होईन न?"

"पुढच्या महिन्यापासून," हे म्हणाले. "मागचे महिने मात्र बुडाले. ते अनुदान गेलं."

ती म्हणाली, "बरं." आणि मुलं येण्याची वेळ झाली म्हणून किल्ली घेऊन निघाली. मी पावती दोनदा वाचली. मंडळाचे पैसे पुरते फिटले होते, एक पैसाही बाकी नव्हता.