कठड्याखालचा पत्रा

नारायणगुड्याहून अफझलगंजकडे जाताना नदीच्या अलीकडे एक वळण होतं. तिथे माझ्या दादाची मोटरसायकल घसरली. तो आडवा घसरत रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याखाली गेला आणि त्याचा पाय खांबावर आपटला. गुडघ्याखालून पाय काढावा लागला. देशाचा बाजार नुकता परदेशी कंपन्यांना खुला झाला होता, नव्या नव्या गाड्या रस्त्यावर येत होत्या आणि वळणावळणांवर असे कठडे उभे राहत होते.

दवाखान्यात दादा म्हणाला, "तो कठडा मोटारींसाठी आहे गं. मोटार अडते. आम्ही दुचाकीवाले त्याच्या खालून जातो."

मी हिमायतनगरात रस्ते आखणाऱ्या एका कंपनीत नकाशे काढत असे. असे कितीतरी कठडे माझ्याच हातचे. दोन खांबांत अंतर किती ठेवायचं ते तोंडपाठ होतं. खांबावर माणूस आपटला तर काय, हे कधी मनातही आलं नव्हतं. फार लाज वाटली.

दादा घरी आला त्याच आठवड्यात मी कठड्याखाली, जमिनीलगत, खांब झाकणारा आणखी एक पत्रा नकाशात काढला. साहेब म्हणाले, "कागदावर सगळंच छान दिसतं. करून दाखवा."

अफझलगंजात एक वयस्क वेल्डिंग मिस्त्री होते. त्यांनी शहराबाहेरच्या माळावर तसा कठडा उभा केला. माणसाच्या जागी पोतं घेतलं, त्यात भुसा भरून मधोमध मडकं ठेवलं. टेम्पोने पोतं ओढत आणायचं आणि कठड्याजवळ दोर सोडायचा. नुसत्या खांबांवर मडक्याचा चुरा झाला. माझा पत्रा लावला, तरी चुराच.

मिस्त्री पत्र्यावर हात फिरवत म्हणाले, "इसकू इत्ता कसके नक्को बांधो, मॅडम. थोडा पीछे सरकने दो."

पुढच्या रविवारी आम्ही पत्रा वाकणाऱ्या पोलादी पट्ट्यांवर टांगला, मागे वीतभर जागा सोडली. साहेबही आले होते. पोतं धाडकन आदळलं, पत्रा मागे दबला आणि पोतं कडेकडेने घसरत जाऊन थांबलं. मी धावत जाऊन ते फाडलं. मडकं अख्खं! मिस्त्री ते डोक्यावर घेऊन साहेबांसमोर चक्क नाचले. साहेबांनी मडकं बोटाने वाजवून पाहिलं. "वळणावर लावून बघू," एवढंच म्हणाले.

दादा घसरला त्याच वळणावर पत्रा लावला. पावसाळ्यात एका दुपारी मिस्त्रींचा ऑफिसात फोन आला, "मॅडम, जल्दी आओ!" धावत गेले. एक मास्तर स्कूटरवरून घसरून त्या पत्र्यावर आदळले होते आणि आता कडेला बसून चहा पीत होते. सदरा फाटलेला, कोपर खरचटलेलं. मी त्यांच्या पायांकडेच बघत राहिले.

"काय बघता, बाई?"

"जरा चालून दाखवता का?"

बिचारे गोंधळले, पण चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आले. मिस्त्रींनी टाळ्या वाजवल्या, मग मीही, मग टपरीवरच्या सगळ्यांनी.

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी शहरातल्या धोक्याच्या वळणांचे नकाशे माझ्या टेबलावर आणून ठेवले. "सगळीकडे लावायचाय," म्हणाले. गठ्ठा काखोटीला मारून मी घरी आले. दादाने कुबडी भिंतीला टेकवली आणि नकाशे जमिनीवर पसरले.

"पेन्सिल दे," तो म्हणाला. "कुठे कोण घसरतं ते मी सांगतो."

आई जेवायला हाका मारत राहिली. आम्ही उठलोच नाही.