बाया चार

‘बघू या, आज कोण भेटतंय,’ असं म्हणून बाई पदरानं चष्मा पुसायच्या आणि मगच रुमालाची गाठ सोडायच्या. जुन्या मोडी कागदांच्या कापडी गाठोड्याला आमच्याकडे रुमाल म्हणतात. पेणच्या ज्या ग्रंथालयात मी नोकरीला होतो, तिथे असे साठेक रुमाल कपाटात पडून होते. ते उघडणाऱ्या बाई एकट्याच.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या मोडी शिकल्या होत्या. दर मंगळवारी अष्टमी गावाहून एसटीनं यायच्या आणि खिडकीपाशी बसून भाकरी खायच्या. एकदा मी विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’

‘मी आणि रेडिओ,’ त्या म्हणाल्या. ‘इथं निदान माणसं भेटतात.’

एका मंगळवारी त्यांनी मला हाक मारली. शंभरेक वर्षांपूर्वी उधाणात खाडीचा बांध फुटला, तेव्हा चिखलात उभं राहून ज्यांनी ते खिंडार बुजवलं त्यांची यादी सापडली होती. अकरा पुरुष, प्रत्येकाचं बापासकट नाव. शेवटी नुसतंच, ‘व बाया चार’.

‘यांना नावं नव्हती होय?’ बाई म्हणाल्या. मी त्यांना चिडलेलं तेवढं एकदाच पाहिलं.

मग बाई यादीतल्या त्या खाडीकाठच्या गावी जायला लागल्या. दोन वेळा मीही गेलो. मिठागरावर काम केलेली एक म्हातारी म्हणाली, ‘व्हय गो बाय, माझी आजी व्हती त्यांत. धोंडी. कमरेइतक्या चिखलात हुबी व्हती.’ बाईंनी नाव लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हातारी पुन्हा वाचा म्हणाली.

वर्षभरात तीन नावं मिळाली. चौथी परगावाहून कामाला आलेली, एवढंच लोक सांगत. बाईंनी वहीत लिहिलं, ‘चौथीचं नाव मिळालं नाही. पण ती होती.’

त्यानंतर तीन मंगळवार बाई आल्या नाहीत. मी अष्टमीला गेलो. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, ‘आठ दिवसांच्या तापानं गेल्या हो. कळवायचं कोणाला, तेच आम्हाला ठाऊक नाय.’ तिनं ती वही माझ्या हातात दिली.

भाताची कापणी उरकल्यावर तीच म्हातारी सुनेचा हात धरून ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून आली.

‘बाय कुठं हायेत? चौथीचं नाव गावलं. भिवरा. माझ्या नणंदेला ठाव व्हतं. बायना सांगाया आलो.’

मी सांगितलं. ती बाकावर टेकली.

‘मंग तुमी तरी लिवा,’ ती म्हणाली.

बाईंच्या ओळीखाली मी भिवराचं नाव लिहिलं. मोठ्यानं वाचायला वही उचलली. म्हातारी मान वाकवून ऐकायला थांबली होती.