हात धुऊन धरायच्या नोटा

सराफानं आबांना फसवलं. भडगावचे आबा माझ्या भांड्यांच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. दर दसऱ्याला ते जळगावात येऊन सराफाकडून सोन्याचा वर्ख असलेली एक नोट घेतात आणि टोपीच्या घडीत जपतात.

यंदा नातीच्या लग्नासाठी तांब्याचा हंडा घ्यायला आले. भावावरून मी आवाज चढवला. आबा शांतपणे म्हणाले, "हात धुईसन धर, भाऊ. खरं सोनं शे." आणि टोपीतल्या सगळ्या नोटा पुढे केल्या.

मी हंडा दिला आणि त्या नोटा त्याच सराफाकडे मोडायला नेल्या. तो हसला. "सोनं नखातल्या मळाएवढंही नाही. शोभेची वस्तू, परत घेत नाही."

आबा आता धाकट्या नातीसाठी नोटा जमवणार आहेत. त्यांना खरं सांगायला माझी जीभ रेटत नाही. ज्यानं विकल्या, त्यानंच भडगावला जाऊन सांगावं. हात धुऊन.